गिअरबॉक्स उतरतोच आहे, तर एलएसडी टाकून घ्यावा का? मी म्हणतो, घ्यावा

घाटवेडा (धागाकर्ता)

शीर्षक वाचून कुणी दचकू नका. एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. गिअरबॉक्सच्या पोटात बसतो, बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही. म्हणूनच बहुधा आपल्याकडे कुणी टाकत नाही.

गाडी माझी २००६ ची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो, पाच गिअरचा मॅन्युअल. युरोपात हीच गाडी १८० पीएसची (घोड्यांची) होती, आपल्याकडे १५० ची आली. माझी रीमॅप करून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) १९० च्या आसपास आहे. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत, क्लचचं आयुष्य संपलं, म्हणून पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स खाली उतरतोय. मिस्त्री म्हणाला, "आत काही करायचं असेल तर आत्ताच बोला, पुन्हा उतरवायला लावू नका."

दुखणं नेहमीचंच. ताम्हिणीत मुळशीकडून खाली उतरताना काही वाटत नाही. येताना चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणाच्या मध्यापासून पाय दिला की आतलं चाक नुसतं भिरभिरतं. रबराचा वास येतो, टर्बो ओरडतो आणि गाडी तिथेच. मागून येणारा डिझेलवाला शांतपणे जवळ येतो. फार अपमानास्पद आहे हो.

ज्यांना डिफचं (डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या भागाचं) काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शाळेत २६ जानेवारीच्या संचलनात रांग वळायची तेव्हा आतला मुलगा जागेवर पाय आपटायचा आणि बाहेरचा जवळजवळ पळायचा. चाकांचंही तसंच आहे. साधा डिफ दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतो, ते ठीकच. पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र दोघांना सारखाच वाटतो. वळणात आतल्या चाकावरचं वजन हलकं होतं, ते बिचारं जेवढं ओढू शकतं तेवढंच बाहेरच्या धडधाकट चाकालाही मिळतं. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, असा हिशोब. एलएसडी ही वाटणी बदलतो, पकड असलेल्या चाकाला जास्त देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला दीडशेच्या वर ताकद दिली, की पहिला खर्च डिफवर करावा, शेवटचा नाही. लोक एक्झॉस्ट, इंटरकूलर, मोठा टर्बो असं करत करत २५० घोड्यांवर पोचतात आणि मग एकाच चाकाने रस्ता खरवडत बसतात. ज्यांना खरंच कळतं त्यांनी हे फार आधी केलंय. होंडाने १९९५ च्या इंटेग्रा टाइप आरला हेलिकल एलएसडी कारखान्यातूनच दिला, १९९७ च्या सिव्हिक टाइप आरलाही. रेनोच्या मेगान आर२६.आरने २००८ मध्ये न्यूरबर्गरिंगची फेरी ८ मिनिटं १७ सेकंदांत मारली, तिलाही मेकॅनिकल एलएसडी होता.

दुसरं कारण या गिअरबॉक्सपुरतं. हा ०२जे गिअरबॉक्स. यात क्राउन (डिफला फिरवणारा मोठा गिअर) डिफच्या केसला रिव्हेट मारून जोडलेला असतो. ताकद वाढवून एक चाक वारंवार फिरवलं की हे रिव्हेट ढिले होतात, तुटतात, आणि तुटलेला तुकडा गिअरबॉक्सच्या भिंतीतून बाहेर येतो. जगभर या गिअरबॉक्सवाल्यांना ही भीती माहीत आहे. नवा डिफ टाकला की रिव्हेट जाऊन तिथे बोल्ट येतात. एका दगडात दोन पक्षी.

क्वाइफ कंपनीचा एटीबी (गिअरवर चालणारा एलएसडी) घ्यायचं मनात आहे. खर्च, सगळं धरून, घरी सांगण्यासारखा नाही. बोला.

उगाच_खर्च

घाटवेडा, लेख झकास, निष्कर्ष चुकीचा.

तीन प्रश्न. टायर कोणत्या सालचे आहेत? कंट्रोल आर्मची बुशं (सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं) शेवटची कधी बदलली? अलाइनमेंट करताना कॅम्बर (चाकाचा उभा कल) मोजला का, की फक्त टो (चाकांची समोरची दिशा) सरळ करून "झालं साहेब" म्हणाले?

वीस वर्षांच्या गाडीचं आतलं चाक वळणात फिरतं, त्याला डिफ हे शेवटचं उत्तर. बुश पिचलेलं असलं की पाय दिल्यावर चाक पुढे सरकतं, टो बदलतो, टायर रस्त्यावर चपटा बसत नाही. शॉकअप मेलेले असले की आतलं चाक खाली दाबलंच जात नाही. आणि टायर जुने, कडक झालेले असले तर क्वाइफ काय, साक्षात विश्वकर्मा आले तरी पकड मिळणार नाही. डिफ पकड तयार करत नाही. आहे ती वाटतो.

आणि नावंच घ्यायची तर मी पण घेतो. पूजो २०५ जीटीआय. लोक आजही तिच्या नावाने हळवे होतात. डिफ साधा. गोल्फ जीटीआय पहिल्या पिढीपासून सहाव्या पिढीपर्यंत सर्वसाधारण मॉडेलला मेकॅनिकल एलएसडी नव्हता. चाळीसेक वर्षं जगाने त्या तशाच चालवल्या आणि मिटक्या मारल्या.

चार चांगले टायर, बुशं, शॉकअप. अर्ध्या पैशात होईल, आणि गाडी फक्त वळणातून निघताना नाही तर ब्रेक मारतानासुद्धा सुधारेल.

सातारकर_पाटील

आमच्या ट्रॅक्टरला डिफलॉक आहे. टाच दाबली की दोन्ही चाकं एक. चिखलातून बाहेर. पाय काढला की सुटला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी विलायतेहून डबा मागवायचा?

थारलासुद्धा मागे आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक येतो की.

घाटवेडा

पाटील, ट्रॅक्टर रानात वळवताना लॉक दाबून ठेवलाय कधी? नाही ना? वळतच नाही. आणि तो मागच्या चाकांना. इथे वळवायचं काम आणि ओढायचं काम एकाच चाकांकडे आहे. पुढचा डिफ पूर्ण लॉक करून ताम्हिणीत गेलो तर सरळ दरीत. मला "थोडासा, लागेल तेवढाच, आपोआप" असा लॉक हवाय.

उगाच_खर्च, टायर दीड वर्षाचे, २०५/५५ आर१६. बुशं मागच्या वर्षी. शॉकअप... असो.

उगाच_खर्च

"असो" मध्ये सगळं आलं.

गणित_आणि_गिअर

दोन्हीकडून थोडं खरं, थोडं आवेशाचं चाललंय. आकडे मांडते, समजण्यापुरते.

समजा चढाच्या वळणात आतलं चाक घसरण्याआधी ५०० न्यूटन-मीटर झेलू शकतं आणि बाहेरचं १३००. साधा डिफ दोघांना सारखंच देणार, म्हणजे ५०० अधिक ५००. एकूण हजार. धाग्यातल्या गाडीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये चाकांपाशी सहज दोन हजार देऊ शकतं. म्हणजे अर्धी ताकद वाया, हे घाटवेडांचं रडगाणं बरोबर.

आता एटीबी किंवा टॉर्सन. यात प्लेट नसतात, हेलिकल गिअर असतात. टॉर्क आला की ते गिअर आपापल्या खोबणीच्या भिंतीवर आणि टोकांवर दाबले जातात, त्या घर्षणामुळे एक चाक पळायला लागलं तर दुसऱ्याकडे जास्त टॉर्क जातो. किती जास्त, त्याला टॉर्क बायस रेशो म्हणतात. तो दोन धरला तर आतलं ५०० असताना बाहेरचं १००० पर्यंत घेऊ शकतं. एकूण दीड हजार. हजारावरून दीड हजार! इंजिनवर कितीही खर्च केला तरी त्या वळणात ही पन्नास टक्के वाढ मिळणार नव्हती.

आणखी एक फायदा लोक विसरतात. बाहेरचं चाक जास्त ओढतं म्हणजे गाडीचं नाक वळणाच्या आत ओढलं जातं. ५०० चा फरक, चाकाची त्रिज्या साधारण ०.३१ मीटर, म्हणजे बाहेरच्या बाजूला सुमारे १६०० न्यूटन जास्तीचा ओढा. म्हणून चांगला एलएसडी असलेली गाडी, पाय दिल्यावर बाहेर पळण्याऐवजी आत शिरते. पहिल्यांदा चालवणाऱ्याला हे अंगावर येतं, कारण आयुष्यभर आपण "पुढच्या चाकांची गाडी, पाय दिला की रुंद जाणार" हेच शिकलेलो असतो.

आता उगाच_खर्च यांच्या बाजूचं. हाच १६०० चा फरक स्टिअरिंगलाही जाणवतो. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष आणि चाकाचा मध्य यांच्यात काही सेंटीमीटरचं अंतर असतं. दोन्ही चाकं सारखं ओढतात तेव्हा दोन्हीकडचे झटके एकमेकांना मारतात. फरक पडला की स्टिअरिंग हातातून हिसकावलं जातं. साध्या डिफमध्ये टॉर्क सारखाच असल्याने हा त्रास कमी. फोर्डच्या २००२ च्या पहिल्या फोकस आरएसला क्वाइफचाच डिफ होता, २१५ पीएस, आणि ती स्टिअरिंग ओढण्यासाठीच बदनाम झाली. २००९ च्या दुसऱ्या फोकस आरएसला ३०५ पीएस आणि पुन्हा क्वाइफच. पण या वेळी फोर्डने पुढचं नकलच (चाक धरून वळवणारा भाग) नवं काढलं, रेव्होनकल नावाचं, ते अंतर कमी करण्यासाठी. डिफ तोच प्रकारचा, भोवतालचं सस्पेन्शन बदललं आणि गाडी माणसात आली.

म्हणून बुशं आणि अलाइनमेंट हा डिफला पर्याय नाही, डिफची पूर्वअट आहे. ढिल्या बुशांवर एलएसडी टाकला तर डांबराच्या प्रत्येक चरीमागे स्टिअरिंग धावेल.

शेवटचं. एटीबीची एक मर्यादा गणितातच आहे. दोन पट म्हणजे कशाच्या दोन पट? आतल्या चाकाच्या. ते हवेत असेल तर शून्याच्या दोन पट शून्यच.

उगाच_खर्च

ताईंनी माझं काम केलं. शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवा.

पण मी पावसाचं बोलतो. घाटवेडा ताम्हिणीत जातात कधी? जुलैत. सगळं पुणं जुलैतच जातं. ओल्या रस्त्यावर साधा डिफ आधी एकच चाक फिरवतो. खर्रर्र आवाज येतो, आपण पाय काढतो, गोष्ट संपली. ती फुकटची धोक्याची घंटा आहे. एलएसडीने दोन्ही चाकं शेवटपर्यंत धरून ठेवली आणि सुटली तर दोन्ही एकदम सुटणार. वळवणारी चाकंही तीच. म्हणजे स्टिअरिंग फिरवताय आणि गाडी सरळ चाललीये, समोर कठडा, कठड्यावर कणीस खाणारी मंडळी.

डिफ मर्यादा वर नेतो, कबूल. पण त्या मर्यादेपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर जायचंच कशाला, हा प्रश्न कुणी विचारणार की नाही?

पाणीपुरी_ब्रेक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कव्हेंट्रीकर

मूळचा नाशिकचा, सध्या इंग्लंडात. माझ्याकडे फिएस्टा एसटी आहे, २०१८ ची पिढी, दीड लिटर, तीन सिलिंडर, २०० पीएस. इथे तिला क्वाइफचा डिफ पर्याय म्हणून मिळायचा. घेताना मी डिफवाली आणि बिनडिफवाली दोन्ही चालवून पाहिल्या, एकाच दिवशी, एकाच ओल्या गोल चौकात (इथे ओलं असणं ही बातमी नाही).

बिनडिफवालीत तिसऱ्या एक्झिटला आतलं चाक सुटलं, कॉम्प्युटरने ब्रेक मारून पकडलं, गाडी किंचित बुडली आणि मग निघाली. डिफवालीत तेच केलं तर गाडी नुसती निघून गेली. नाट्य शून्य. उगाच_खर्च म्हणतात तसं दोन्ही चाकं एकदम सुटणं मी मुद्दाम करून पाहिलंय, रिकाम्या ओल्या पार्किंगमध्ये. होतं. पण आतलं चाक सुटण्याच्या बऱ्याच पुढे होतं, आणि पाय काढला की परत येतं. घंटा नाही असं नाही, घंटा उशिरा वाजते.

सरळ रस्त्यावर मात्र ताईंचं म्हणणं सोळा आणे खरं. खेड्यातल्या इंग्लिश रस्त्याच्या मधोमध उंचवटा असतो, दोन्ही बाजूंना उतार. पूर्ण पाय दिला की गाडी उतार शोधत फिरते. एका हाताने चालवायची सवय मोडली.

होंडाचा एक मजेदार किस्सा. २००१ ची सिव्हिक टाइप आर, ईपी३. जपानी ग्राहकाला हेलिकल एलएसडी, इंग्लिश ग्राहकाला साधा डिफ. गाडी मात्र बनायची इंग्लंडातल्या स्विंडनलाच! इथले लोक अजून त्यावरून कुरकुरतात आणि स्वतःच्या खर्चाने डिफ टाकतात. त्यांना विचारलं की पहिलं काय बदललंत, तर बहुतेक जण डिफच सांगतात. "शेवटी टाकला आणि आधी का नाही टाकला" हेही तेच लोक सांगतात.

आरएस२४५

२०२० मध्ये आलेल्या ऑक्टेव्हिया आरएस२४५ च्या २०० गाड्यांपैकी एक माझ्याकडे. हिला कंपनीचाच इलेक्ट्रॉनिक डिफ आहे. साध्या डिफच्या बाजूला प्लेटचा एक क्लच बसवलाय, तो डिफची केस आणि एका बाजूचा शाफ्ट यांना जोडतो. पंप तेलाचा दाब देतो, कॉम्प्युटर ठरवतो किती. २०१३ च्या गोल्फ जीटीआय परफॉर्मन्सपासून फोक्सवॅगन हेच वापरते, १६०० न्यूटन-मीटरपर्यंत लॉक करू शकतो.

खड्ड्यात चाक हवेत गेलं तरी हा चालतो, कारण त्याला शून्याच्या दोन पटीशी घेणंदेणं नाही. पार्किंगमध्ये पूर्ण सुटा. वेगात लेन बदलताना स्थिर ठेवण्यासाठीही किंचित लागतो.

पण जुन्या गाडीत हे कुणी बसवू नये. पंप, वायरिंग, सॉफ्टवेअर, आणि वेगळं तेल ठरावीक काळाने बदलायचं. यांत्रिक डबा एकदा टाकला की विसरायचा. माझी वॉरंटी संपल्यावर मला घाटवेडांचा हेवा वाटणार आहे, हे आत्ताच लिहून ठेवतो.

आणि ज्यांना वाटतं की ब्रेकवर चालणारा एक्सडीएस म्हणजे एलएसडी, त्यांनी एकदा कोल्हापूर ते आंबा घाट ते परत असं दाबून चालवावं आणि पुढच्या ब्रेकचा वास घ्यावा. एक्सडीएस फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. एकीकडे पेट्रोल जाळायचं, दुसरीकडे पॅड.

धूळ_आणि_चिखल

रॅलीच्या सर्व्हिस टीममध्ये सहा वर्षं काढलीत. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रात धुळीत झोपलोय. तिथे एटीबीचं कुणी नाव काढत नाही. दगडावरून चाक उचललं, एटीबी गप्प. आम्हाला प्लेटवाला लागतो, प्रीलोड असलेला (प्लेट आधीच दाबून ठेवलेला). चाक हवेत असलं तरी प्लेट एकमेकींना धरून असतात.

आतल्या रॅम्पच्या (प्लेट दाबणाऱ्या उताराच्या) कोनावर त्याचा स्वभाव ठरतो. वन-वे म्हणजे फक्त पाय दिल्यावर लागतो. टू-वे म्हणजे पाय काढल्यावरही. पुढच्या चाकांच्या गाडीला टू-वे टाकला की वळणात शिरतानाच गाडी हट्टी बैल होते, मान वळवत नाही. वन-वे, फार तर दीड-वे.

घाटवेडांनी प्लेटवाला घेऊ नये, हे मीच सांगतो. सोसायटीच्या गेटमधून वळताना कट्-कट् आवाज येईल, वॉचमन बाहेर येऊन बघेल. पण "एटीबी म्हणजेच एलएसडी" असं धाग्यात चाललंय म्हणून बोललो.

आणि ज्यांना डिफ म्हणजे चैन वाटते त्यांनी हुपरीच्या ट्रॅकवर जाऊन गो-कार्ट चालवावं. त्याला डिफच नसतो! सरळ एक दांडा. मागचं आतलं चाक उचलल्याशिवाय ते वळतच नाही. कोल्हापूरची पोरं दहाव्या वर्षी हे अंगाने शिकतात, आणि आपण इथे टॉर्क बायस रेशोवर भांडतोय.

जुना_मिस्त्री

मी मोठं लिहीत नाही सहसा. पण ०२जे मी बरेच उघडलेत म्हणून सांगतो.

डिफ कुठलाही घ्या. बसवणारा कोण आहे ते आधी बघा. या गिअरबॉक्सात डिफच्या दोन्ही बाजूंना टेपर बेअरिंग असतात. नवा डिफ म्हणजे नवी केस, मापात केसाएवढा फरक असणारच. शिम (पातळ चकती) मोजून बेअरिंगचा प्रीलोड बसवावा लागतो. माझ्याकडे एक गाडी आली होती. दुसरीकडे कुठेतरी महागडा डिफ टाकला आणि जुनीच शिम ठेवली. सहा महिन्यांत बेअरिंग गेलं. मालक सगळ्यांना सांगत फिरला की डिफ खराब.

रिव्हेट काढायचे म्हणजे डोकी ड्रिल करून काढायची. हातोडीने ठोकून नाही. क्राउनला धक्का बसला की आयुष्यभर कुंईऽऽ आवाज. बोल्टला लॉकिंग लावून टॉर्क रेंचनेच आवळायचे. नवीन बेअरिंग, नवीन शाफ्ट सील, त्याच वेळी.

तेल. इथे रॅलीवाल्या भाऊंशी मी सहमत. प्लेटवाल्या डिफला फ्रिक्शन मॉडिफायरवालं तेल मागतात, बऱ्याचदा जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा). पण पुढच्या चाकांच्या गाडीत डिफ आणि गिअर एकाच तेलात पोहतात. सिंक्रो (गिअर अलगद पडू देणाऱ्या कड्या) पितळेचे. त्यांना जीएल-४ हवं. डिफ खूश केला तर सिंक्रो रुसतात. शिवाय प्लेटचा चुरा त्याच तेलात. एटीबीला काही वेगळं लागत नाही, कंपनीचं ७५डब्ल्यू-९० जीएल-४ पुरतं, दोन लिटरच्या आसपास. रोजच्या गाडीला म्हणून एटीबी.

आता दुसरी बाजू. रिव्हेटसाठी म्हणून डिफ घेत असाल तर घेऊ नका. रिव्हेट काढून बोल्ट टाकायचा किट वेगळा मिळतो, तोच जुना डिफ राहतो, खर्च डिफच्या जवळपासही नाही. रिव्हेटची भीती घालून डिफ विकणारे मी पाहिलेत.

उगाच_खर्च

मिस्त्रीकाकांना साष्टांग नमस्कार. घाटवेडा, तुमचा दुसरा पक्षी उडाला.

हिशोब परत मांडतो. रिव्हेटला बोल्ट किट. चाक फिरण्याला शॉकअप ("असो"). राहिला काय, तर ताईंनी सांगितलेला पन्नास टक्के. तो ट्रॅकवर सोन्यासारखा. वर्षातून किती वेळा ट्रॅकवर जाता? चेन्नई नाही तर कोईम्बतूर, जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे शून्य वेळा. ताईंचाच नियम लावू, शून्याचे पन्नास टक्के किती?

घाटवेडा

कोईम्बतूरला एकदा गेलोय. बसने गेलो होतो, पण गेलोय.

तुमचा हिशोब गरजेचा आहे, माझा हौसेचा. गरजेचाच धरायचा तर मी टर्बो पेट्रोल कशाला घेतली असती? आणि हौस करायचीच तर ती पाच घोडे जास्त दाखवणाऱ्या कागदावर का करायची? रोज ऑफिसला जाताना सिंहगड रोडच्या यू-टर्नला जी गोष्ट जाणवेल तिच्यावर करावी. पॉवर रोज वापरता येत नाही, वळणं रोज येतात.

गणित_आणि_गिअर

हा मुद्दा मात्र मला पटला. विम्याच्या कंपनीला लेखी कळवा, रीमॅपसकट. ते न कळवता क्लेमच्या वेळी भांडणारे नातेवाईक आहेत माझ्याकडे.

सातारकर_पाटील

डिफलॉक तो डिफलॉक. बाकी चर्चा छान.

घाटवेडा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. गिअरबॉक्स उतरला, उघडला, मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो.

आधी कबुली. रिव्हेट एकूण एक घट्ट. मिस्त्रीने प्रत्येकावर हलका ठोका मारून दाखवला, एकही वाजला नाही. मी फोटो काढायला मोबाईल घेऊन तयार होतो, काढण्यासारखं काही निघालं नाही. १ लाख ४२ हजार किलोमीटर, त्यातले शेवटचे ४० हजार रीमॅपवर, आणि डिफ तरुणासारखा. उगाच_खर्च, हे वाक्य तुम्हाला भेट.

मग ऑर्डर थांबवली. आधी पुढचे दोन शॉकअप बदलले (हो, तेच "असो"), अलाइनमेंट केली, कॅम्बर मोजून. क्लच नवा. जुन्याच डिफवर गाडी जोडली, बोल्ट किटसुद्धा नाही. एका रविवारी पहाटे सहाला ताम्हिणी. जुलै नाही, रस्ता कोरडा.

फरक खूप. वळणात शिरताना गाडी आता डुलत नाही. चाक फिरायला लागतं ते आधीपेक्षा बरंच उशिरा. त्या पहिल्या दोन वळणांत मी मनातल्या मनात धागा बंद करून टाकला होता.

तिसऱ्या वळणावर, तोच चढ, दुसरा गिअर, तोच अर्धा पाय. भिर्रर्र. वास. टर्बो ओरडतोय. आता गाडी बाकी सगळीकडे बरोबर वागते, त्यामुळे ही एक गोष्ट आधीपेक्षा जास्त डोळ्यात खुपते. आधी सगळंच ढिलं होतं, त्यात हे खपून जायचं.

परत आलो आणि त्याच संध्याकाळी डिफ मागवला. म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उतरणार, दुसऱ्यांदा मजुरी, सगळं. मिस्त्रीला फोन केला तर आधी तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी काय सांगितलं होतं?"

शिम मोजायला डायल गेज आहे का, हे विचारून घेतलंय. आहे. तेल जीएल-४ च.

उगाच_खर्च

शॉकअपने फरक खूप, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. बाकीचं मी वाचलं नाही.

धूळ_आणि_चिखल

बसवल्यावर पहिले हजार किलोमीटर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

जुना_मिस्त्री

तुमचा मिस्त्री चांगला आहे, जपा त्याला. दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी पूर्ण द्या, घासाघीस करू नका.

सातारकर_पाटील

जुना डिफ चांगला निघाला म्हणताय. त्याचं काय करणार? भावाची ऑक्टेव्हिया आहे, १.९ डिझेल. बसेल का तो?